न बोलणाऱ्या पेशंटांचा रविवार

घरात पिशवीत पिशव्या जमतात ना, तसे माझ्याकडे किस्से जमलेत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. जनावरांचं जे कळतं ते बघून, आणि चार वेळा चावून घेऊन. दर रविवारी भोपाळच्या आमच्या नेहरू नगरातली, मला आजी म्हणणारी पोरं गोळा करते आणि कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेते. डॉक्टर कुरकुरतात. मी ऐकत नाही.

तिथं कार्डावर जनावराचं नाव आणि मालकाचं आडनाव लिहितात. पुकारायचं काम पोरांकडे. पहिल्याच दिवशी चिंटूनं हाक दिली, "शेरू देशपांडे!" कुत्रा गाढ झोपलेला. रिटायर्ड इंजिनिअर देशपांडे ताडकन उठून म्हणाले, "हजर!"

त्याच चिंटूला कुत्र्याचा ताप कुठून मोजतात ते दाखवलं. त्याची आई सांगते, आता घरात थर्मामीटर निघाला की पोरगं आधी भिंतीला पाठ लावून उभं राहतं.

या पोरांतल्याच इराचे वडील मात्र बिथरले. दहा वर्षांची पोर, शेणामुतात काय शिकणार? डॉक्टरच करायची तर माणसांची करू, म्हणाले.

मी म्हटलं, "माणूस कुठं दुखतं ते सांगतो, तरी पाच टेस्ट लागतात. इथं पेशंट बोलत नाही. अक्कल लागते."

ते भडकले. पुढचा रविवार शेवटचा, असं बजावून गेले. इरा रडली नाही, पण आठवडाभर नीट जेवलीही नाही.

त्या शेवटच्या रविवारी शेजारच्या कोटरा वस्तीतल्या नसीमआपा बकरीला ऑटोत घालून आल्या. पहाटेपासून अडलेली. एक पाय बाहेर, करडाची मान आत वळलेली. डॉक्टरांचा पंजा पैलवानाचा, आत जाईना. माझी बोटं वातानं वाकडी.

"करडू जिवंत आहे का, तेही कळत नाही," डॉक्टर म्हणाले आणि पोरांच्या हातांकडे बघू लागले. इराचा हात सगळ्यात बारीक.

तिचे वडील न्यायला आलेले, दारात, स्कूटरची किल्ली हातात. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. पोरीच्या कोपरापर्यंत साबण लावला. डॉक्टर हळूहळू सांगत गेले: पाय सोड, मान चाचप, तोंड शोध. नसीमआपा बकरीचं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या.

इराचा हात थांबला. सगळेच थांबले.

"आजी," ती म्हणाली, "हे माझं बोट चोखतंय."