पत्रकात नसलेली ओळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दुबईहून शारजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर, भर दुपारी अस्मादिकांचा सदसद्विवेक जिवंत सापडला. प्रकृती नाजूक होती.

मी एका जाहिरात कंपनीत हिंदी मजकूर लिहितो. तेव्हा काम आलं होतं एका इस्लामी गुंतवणूक योजनेचं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगारांसाठी ‘बचत जागृती’ पत्रक. लोकसेवा म्हणे! या योजनेत व्याज हराम आणि नफ्याची हमी देणंही हराम. धंद्यात फायदा झाला तर वाटून घ्यायचा, नुकसान झालं तर तेही सोसायचं. अरबी आणि इंग्रजी पत्रकांत हे स्वच्छ लिहिलं होतं. हिंदीतून मात्र बॉसनं ती नुकसानाची ओळ काढायला लावली.

“कामगार घाबरतात रे. सिंपल ठेव. खलास.”

ठेवलं सिंपल. घरच्या सगळ्यांचे व्हिसा माझ्या नोकरीवर, नोकरी बॉसच्या मर्जीवर, आणि मुलगी बारावीला.

प्रत्येक पत्रकावर शरियाच्या जाणकार शेखांची सही लागायची. त्यांना हिंदी वाचता येत नाही, म्हणून बॉस निर्धास्त. त्या दिवशी शारजातला छापखाना त्या सहीसाठी खोळंबला होता आणि शेखांची गाडी गॅरेजमध्ये, तेव्हा ते आमच्याबरोबरच निघाले. बॉस पुढे, मी आणि शेख मागे. गाडी चालवायला आमचे ऑफिसचे चाचा, रत्नागिरीकडचे. मजकूर सोपा झालाय का हे बघायला मी कच्ची प्रत नेहमी त्यांना वाचायला द्यायचो. ही त्यांना भलतीच आवडली होती.

अर्ध्या वाटेत ट्रॅफिक थिजला. डावीकडे सिमेंटचा ट्रक, उजवीकडे कामगारांची बस. दार उघडून पळायचं म्हटलं तरी जागा नव्हती.

“वाचून दाखवा,” शेख म्हणाले. गाडीत सगळं हिंदीत चाललं होतं, इथे मराठीत सांगतो. “लहानपणापासून हिंदी ऐकतोय मी. वाचता येत नाही, पण कळतं सगळं. ज्यांचे पैसे लागणार, त्यांच्या भाषेत ऐकल्याशिवाय मी सही करत नाही.”

पुढच्या छोट्या आरशात बॉसचे डोळे उमटले. त्या डोळ्यांत माझं मुंबईचं परतीचं तिकीट होतं, एकमार्गी.

मी घसा खाकरून वाचू लागलो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजाचं काम केलेला माणूस मी, आवाज लावला. आणि जिथे ती ओळ असायला हवी होती, तिथे कागदावरून नजर न हलवता ती म्हणून टाकली: “धंद्यात नुकसान झाल्यास तुमची मूळ रक्कमही कमी होऊ शकते.”

“माशाल्ला!” शेख खूश. आरशातले डोळे हसले. काय सांगू, मीही स्वतःवर फिदा झालो. शेखांना हवं ते ऐकायला मिळालं, बॉसला हवं ते छापायला मिळणार. अशी युक्ती मंत्र्यांनाही सुचत नसेल!

शेखांनी पेन काढलं. टोपण उघडून थांबले.

“हेच छापणार ना?”

“इन्शाल्ला, इन्शाल्ला,” बॉस पुढून म्हणाला.

“तुम्हाला नाही विचारलं.” शेख माझ्याकडे वळले. “लिहिलंय यांनी. हे सांगतील.”

एसी चालू असून माझी कॉलर ओली झाली. हो म्हणालो तर एका भल्या माणसाची सही चोरली. नाही म्हणालो तर मुलीची शाळा सुटली. मी ट्रककडे पाहिलं, बसकडे पाहिलं. कुणीही इंचभर हलत नव्हतं.

तेवढ्यात चाचांनी हँडब्रेक ओढला आणि अख्खेच्या अख्खे मागे वळले.

“अहो साहेब, पैसे कमी होतील असं माझ्या कागदात कुठंय? मी तर घरी सांगून बसलोय, पोरीच्या लग्नाचे सगळे यातच टाकू म्हणून!”