पाठीवरचा चार नंबर

युगेत ब्रासारला मी बावीस वर्षं एका काचेतून बघत आलोय. मी आइस हॉकीच्या रिंकवर घड्याळ चालवतो आणि काचेपलीकडे ती आमच्या संघाच्या पेनल्टी बॉक्सचं दार सांभाळते. बॉक्स म्हणायची आमच्यात पद्धत नाही, आम्ही कोठडी म्हणतो. बर्फावर कुणी वांडपणा केला की पंच त्याला दोन नाहीतर पाच मिनिटं तिथं धाडतो. तिथं बाकावर पाच फुटांची युगेत बसलेली असते. वय विचारू नका, मीही विचारलेलं नाही.

एरवी ती कागद गिरणीच्या कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप ढवळते. आमचे खेळाडूही तसेच. पैसे घेऊन खेळतात खरे, पण सोमवारी कुणी वेल्डिंगला जातो, कुणी लाकडाचे ट्रक हाकतो. सगळे तिला मावशी म्हणतात. एकदा आमचा एक सव्वासहा फुटी धटिंगण कोठडीत येऊन काचेवर स्टिक आपटायला लागला. युगेत जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, "काच नगरपालिकेची आहे, डोकं तुझं आहे. काय फोडायचं ते ठरव." गडी मुकाट खाली बसला. मी हसता हसता घड्याळ सुरू करायलाच विसरलो, आणि त्यावरून पंचानं माझी खरडपट्टी काढली ती वेगळीच.

लोक आमच्या लीगला कसाईखाना म्हणतात. म्हणू देत. मारामारी बघायलाच निम्मं गाव येतं, मी कशाला खोटं बोलू? पण मारामारीलाही रीत असते. आधी विचारायचं, समोरचा हो म्हणाला तरच हातमोजे टाकायचे. त्याचा हात दुखावलेला असेल तर सोडून द्यायचं. माणूस खाली पडला की मूठ थांबली पाहिजे. स्टिक कुणाच्या बरगडीत खुपसायची नाही, मागून पाय ओढायचा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, रिंकच्या कडेच्या फळीपाशी समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसला की धडक द्यायची नाही. हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. ही रीत मोडणारा आमच्या मते खेळाडूच नव्हे, मग तो कितीही गोल मारो.

कोठडीचीही एक रीत होती. कोठडीतलं कोठडीत. रक्त पुसून घेताना माणूस काहीबाही बोलून जातो. कुणाची बायको घर सोडून गेलेली असते, कुणी भीतीनं रडतो. युगेतनं त्यातला एक शब्द कधी बाहेर येऊ दिला नाही. मी तिला बिअर पाजून बघितली, लाडीगोडी लावली, काही उपयोग नाही.

आता डॅनी तिबो. हा आमचा मारामारीचा गडी, आणि रीतीचा पक्का. खाली पडलेल्याला हात देऊन उठवणारा. त्या फेब्रुवारीत पलीकडच्या तळ्याकाठच्या संघाशी सामना होता. त्यांचा चार नंबर, केविन वेलेट, चोवीस वर्षांचा पोरगा, आमच्या नाकावर टिच्चून खेळत होता. तिसऱ्या भागात तो कोपऱ्यात चकती काढायला वाकला आणि डॅनीनं मागून येऊन त्याला तोंडावर फळीत घातला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पोरगा खाली पडला तो हललाच नाही.

स्ट्रेचर येईपर्यंत पंचांनी डॅनीला कोठडीत बसवलं. अकरा मिनिटं तो तिथं होता. युगेत त्याच्या कपाळावरचं रक्त पुसत होती. त्याचे ओठ हलले आणि तिचा हात थांबला. काचेतून मला ऐकू काही आलं नाही. मग पंचांनी त्याला सामन्यातून बाहेर काढलं.

त्या रात्रीच आमचे कोच साव्हार पत्रकारांना म्हणाले की पोरगा ऐन वेळी पाठ फिरवून वळला, डॅनीचा नाइलाज झाला. कॅमेरा एकच होता, आणि नेमकी पंचाचीच पाठ मध्ये आलेली. झालं, सगळं गाव तेच बोलायला लागलं. गाव कशाला, मीच. हजामाकडे, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर मी छातीठोकपणे सांगत सुटलो, "वळला हो पोरगा, माझ्या डोळ्यांनी बघितलं." बघितलं कसलं डोंबल. मी त्या वेळी घड्याळाकडे बघत होतो.

आठवड्यानं केविनची आई त्याची सामानाची पिशवी न्यायला रिंकवर आली. युगेतनं ती आणून दिली. बाई रडत नव्हत्या, फार थकलेल्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, मानेचं हाड मोडलंय, पायांत थोडी जाणीव आहे, चालेल का ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण त्याचं त्याला काहीच नाही. धडक त्याला आठवत नाही, लोक म्हणतात तेच खरं धरून तो फक्त एकच विचारतो, मी का वळलो? फळीपाशी कुणी धडकायला आलं की ऐन वेळी पाठ फिरवायची नाही हे त्याच्या वडिलांनी त्याला पाचव्या वर्षी शिकवलेलं. वडील आता नाहीत. तो आढ्याकडे बघत म्हणत राहतो, आई, बाबांनी सांगितलेली एवढी एक गोष्ट मला जमली नाही.

पिशवी मी गाडीपर्यंत नेऊन दिली. परत आलो तर युगेत तिथंच उभी होती. मी विचारलं, डॅनी काय बोलला होता गं त्या दिवशी? ती नेहमीसारखंच म्हणाली, कोठडीतलं कोठडीत. मग जरा थांबून म्हणाली, "रेजां, इतकी वर्षं मला वाटायचं, तोंड बंद ठेवलं म्हणजे पोरांची बाजू घेतली. पण तो तिकडे पडलाय तोही कुणाचा तरी पोरच आहे ना?" मी म्हटलं, उगाच नसत्या भानगडीत पडू नकोस, प्ले-ऑफ तोंडावर आलेत. असा मी.

दुसऱ्या दिवशी थंडीनं तिची गाडी सुरू होईना, म्हणून डॅनीच्या वेल्डिंगच्या शेडवर मीच तिला नेली आणि दाराशी थांबलो. तोवर मला वाटत होतं, ती त्याला धीर द्यायला निघालीय. डॅनीनं तोंडावरचा मुखवटा वर केला. तिनं त्याला पोराच्या आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. डॅनीनं हातातलं काम खाली ठेवलं.

मग म्हणाला, "मावशी, कोठडीतलं कोठडीत."

"म्हणून तर आधी तुझ्याकडे आले. रविवारपर्यंत तू त्या पोराला सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि त्या बाकावर पुन्हा बसणार नाही."

"लीग मला कायमचं काढेल."

"काढेल," ती म्हणाली. खोटा दिलासा म्हणून एक शब्द दिला नाही. परतीच्या वाटेवर मला तिचा राग आला होता, तो मी बोलून दाखवला. तिनं खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलं.

पुढचं पेपरात आलंच. मंगळवारी लीगपुढच्या सुनावणीत डॅनीनं सगळं कबूल केलं, साव्हारनं 'चार नंबर मला खाली हवा' म्हणून धाडलं होतं हेही सांगितलं. दोघंही लीगमधून गेले. आमचा संघ पहिल्याच फेरीत आपटला, आणि डॅनीला बोलतं केलं म्हणून गावानं खापर फोडलं ते युगेतवर. कँटीनमध्ये लोक तिच्या हातचं सूप घेईनात. पुढचा अख्खा मोसम पोरं कोठडीत तिच्याशेजारी तोंड शिवून बसायची. ती मात्र दर शनिवारी वेळेवर यायची, रक्त पुसायची, दार उघडायची. मी असतो तर पहिल्या आठवड्यातच राजीनामा तोंडावर फेकला असता. असली छाती मी गिरणीतल्या भल्या भल्या गड्यांत बघितली नाही.

पण त्या मंगळवारच्या आधी रविवार आला होता, आणि त्याचं पेपरात काही नाही. सकाळी डॅनी लग्नातला कोट घालून युगेतच्या फाटकाशी उभा होता. मी दोघांना शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. दीड तासाची वाट.

केविनच्या डोक्याभोवती लोखंडी कडं होतं. त्याला मान फिरवता येत नव्हती, त्यामुळे कोण आलंय ते दिसावं म्हणून डॅनीला पलंगावर ओणवं व्हावं लागलं. त्यानं नाव सांगितलं.

"तू वळला नव्हतास," डॅनी म्हणाला. "तुझी पाठ आधीपासूनच माझ्याकडे होती. मला तुझ्या पाठीवरचा चार दिसला. चांगला दिसला. तरी मी आलो."

मी भिंतीला टेकलो.

"परत सांग," केविन म्हणाला.

डॅनीनं परत सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

केविन म्हणाला, "आई बाहेर बसलीय. आता तिला सांग."

डॅनी गेला. युगेत त्याच्यामागून गेली, त्याच्याशेजारी बसायला. खोलीत केविनजवळ मी एकटा उरलो. शेवटी बोललोच, की मीही गावभर सांगत फिरलो होतो, तू वळलास म्हणून. ऐकलं की नाही कोण जाणे. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "काका, जरा डोळे पुसाल का माझे? हात वर येत नाहीत."

मी पुसले.