स्क्रॅपबुकातलं कौतुक

शिकवायचा मला कधी कंटाळा आला नाही. कौतुक करायचा मात्र आला, आणि तो का आला हे एकदाचं लिहून टाकावं म्हणते. मनात घोळवून घोळवून आता थकले.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात, राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मी बारावीच्या केमिस्ट्रीचा क्लास घ्यायचे. खाली पेशंट, वर माझी पोरं, आणि परीक्षा जवळ आली की दोन्हीकडचे चेहरे सारखेच दिसायचे. गल्लीत चार घरं सोडली की एक क्लास होता, त्यामुळे प्रत्येकाला जाहिरात करावी लागायची. कुणी भिंती रंगवायचं, कुणी पेपरात पत्रकं घालायचं. मी यातलं काही केलं नाही. जूनमध्ये निकाल लागला की मी एक हॉल घ्यायचे आणि पोरांचा सत्कार करायचे. प्रत्येकाला एक गुलाब आणि एक पेन. खरा सत्कार माइकवर व्हायचा.

आमच्याकडे कौतुक करायची एक रीत आहे. आधी माणूस किती खड्ड्यात होता ते सांगायचं, मग तो कसा वर आला ते. नुसतं 'पोरगी हुशार आहे' म्हटलं तर कुणाला पटत नाही. त्यामुळे मी सांगायचे, ह्याला सहामाहीत अकरा मार्क होते. हिच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती. ह्याचे वडील दोन वर्षं घरी आलेले नाहीत. हॉल गप्प व्हायचा, मग टाळ्या पडायच्या. आया पदरानं डोळे पुसायच्या. त्या पोराचं तोंड कसं झालंय हे काही मी बघितलं नाही, कारण माझं लक्ष टाळ्यांकडे असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या प्रवेशासाठी पालक जिन्यात उभे असायचे. म्हणजे मी खोटं बोलत नव्हते, पण फुकटही बोलत नव्हते.

दोन हजार दोनच्या आसपास पेठ वडगावची एक मुलगी क्लासला होती. घरचं कापडाचं दुकान, आई सीमेकडची, घरात निम्मं बोलणं कानडीत. रोज दुपारी एसटीनं यायची आणि दुसऱ्या बाकावर बसून सरळ झोपायची. दोन दिवस मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या बॅचसमोर तिला झाडली. बापाच्या पैशावर झोपा काढायला येतेस का, असं काहीतरी बोलले. क्लास सुटल्यावर सगळे गेले तरी ती जिन्यात थांबून राहिली.

तिथं उभ्या उभ्या तिनं सांगितलं. वडील चार महिने बोलत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, जेवण समोर ठेवलं तर ते तसंच राहायचं. शेवटी त्यांना मिरजेला मनाच्या आजाराच्या दवाखान्यात ठेवलं होतं. गावात सांगितलं होतं की ते बेळगावला मेव्हण्याकडे गेलेत, नवीन दुकानाचं बघायला. आई आणि ही सकाळी दुकान उघडायच्या, बाराला ती एसटी पकडायची. मग म्हणाली की हे कुणाला सांगू नका, आणि मी तुम्हाला सांगितलं हे पप्पांना तर कधीच कळू देऊ नका. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ती झोपली तरी मी तिला उठवलं नाही.

मी शब्द पाळला, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. तिला त्या वर्षी चांगले मार्क पडले. हॉलमध्ये मी तिचं नाव घेतलं, मार्क सांगितले आणि पुढच्या पोराकडे वळले. टाळ्या बेताच्याच पडल्या. अशी गोष्ट हातात असून मी ती सांगितली नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला होता. वडीलही बरे होऊन परत आले, गोळ्या चालू ठेवून पुन्हा गल्ल्यावर बसायला लागले. मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि नंतर तिथंच कॉम्प्युटर कंपनीत लागली.

तोवर क्लासमध्ये कॉम्प्युटर आला होता, पाठोपाठ इंटरनेट. जुन्या पोरांनी एकदा येऊन एका साइटवर माझं खातं उघडून दिलं. सगळी तरुण मंडळी तेव्हा तिथंच पडीक असायची. प्रत्येकाचं एक पान, त्यावर स्क्रॅपबुक, म्हणजे कुणीही येऊन काहीही लिहावं आणि कुणीही येऊन ते वाचावं. शिवाय टेस्टिमोनियल म्हणून एक प्रकार होता. त्यात आपण त्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे, आणि त्यानं वाचून मान्य केले तरच ते इतरांना दिसायचे. हा फरक पोरांनी मला समजावून सांगितला असणार. पण तेव्हा बहुतेक मीच बोलत होते.

मला त्या साइटचं वेडच लागलं. जूनची वाट बघायला नको, हॉल नको, माइक नको. मी एकेकाच्या पानावर जाऊन लिहायला लागले. कोण किती वेळा नापास झाला, कोण प्रॅक्टिकलला ॲसिड सांडून रडला. पोरं खाली हसण्याच्या खुणा टाकायची. त्या खुणांमागे कोण हसतंय आणि कोण दात खातंय, हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि मी तो शोधलाही नाही.

मग तिचा निरोप आला. 'मॅडम, माझ्यासाठी टेस्टिमोनियल लिहा ना दोन ओळी. इथं ऑफिसमधले लोक पण बघतात, म्हणून जरा नीट लिहा.' रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी बसले. हुशार, कष्टाळू, वेळ पाळणारी. लिहिलं आणि वाचलं, तर रेशन कार्डावरची माहिती वाटली. खड्डाच नव्हता ना त्यात. मनात म्हटलं, आता चार वर्षं होऊन गेली. वडील ठणठणीत आहेत. आता लपवण्यासारखं काय राहिलंय, आता तर ते मिरवण्यासारखं आहे. शिवाय तिच्या पानावर तिच्यासाठीच तर लिहितेय. पाकिटात घालून पत्र पाठवावं तसं माझ्या डोक्यात होतं.

सगळं लिहिलं. मिरज, मनाचा आजार, गावाला सांगितलेलं बेळगाव, सकाळी दुकान, दुपारी एसटी, बाकावरची झोप. लिहिता लिहिता मलाच भरून आलं. आणि ते सगळं मी टेस्टिमोनियलऐवजी स्क्रॅपबुकात टाकलं.

ती त्या आठवड्यात कंपनीच्या ट्रेनिंगला गेलेली, तिला नेटवर बसायला सवड नव्हती. तिच्या बॅचच्या पोरांनी मात्र वाचलं. 'ग्रेट मॅडम', 'डोळ्यात पाणी आलं' असं लिहिलं. त्यात वडगावचाच एक होता, तिच्या वर्गातला, आता तिथल्या बाजारात मोबाइलचं दुकान टाकून बसलेला. गावच्या पोरीचं एवढं कौतुक इंटरनेटवर आलंय म्हणून तो हरखून गेला. त्यानं कागदावर छापून घेतलं आणि थेट तिच्या वडिलांच्या दुकानात गेला. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. आम्ही तेव्हा मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहायचो, वडिलांना ते काही वाचता येईना. म्हणून यानं 'अण्णा, ऐका की' म्हणून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांनाही म्हणाला, थांबा पावणं, तुमीबी ऐका. त्याच्या मनात पाप नव्हतं. अडखळत एकेक शब्द जुळवत वाचत होता, त्यामुळे पुढं काय येतंय हे त्यालाही कळत नव्हतं. मिरजेपर्यंत पोचल्यावर त्याला थांबता आलं नाही, की थांबायचं असतं हे सुचलं नाही, देव जाणे. मला हे नंतर त्यानंच फोनवर सांगितलं. सांगताना त्याचा आवाज पार बसला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "मॅडम, मी काढून टाकलंय ते," ती म्हणाली, "पण कागद घरी आहे. पप्पा दुपारपासून गल्ल्यावर बसले नाहीत." मी म्हटलं, अगं, मी चांगलंच लिहिलं होतं. ती हो म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे काही दिवस मी सगळ्यांवर चिडून होते. साइटवर, त्या मोबाइलवाल्यावर, आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही. हिनंच लिहा म्हटलं होतं ना? मग चिडायचाही शीण आला. हॉलमधलं बोलणं टाळ्यांबरोबर विरून जायचं, निदान तसं मला वाटायचं. माझ्यासमोर कोण बसलंय हे तरी मला दिसायचं. इथं मी डोळे मिटून बोलले होते आणि ऐकणारे वडगावच्या दुकानात उभे होते.

पंधरा दिवसांनी मी एसटीनं वडगावला गेले. फोनवर माफी मागणं मला प्रशस्त वाटेना. गल्ल्यावर तिची आई होती. मला बघून तिनं मान हलवली, पण या बसा म्हणायला तिला थोडा वेळ लागला. वडील आतल्या खोलीत कापडाचे ताके गुंडाळत होते. आईनं हळूच सांगितलं की ते आता पुढं येतच नाहीत. "गिऱ्हाईक त्यांच्याशी मोठ्यानं बोलतंय," ती म्हणाली, "बहिऱ्याशी बोलल्यागत."

ते बाहेर आले, समोर बसले, माझ्यासाठी चहा सांगितला. मी माफी मागितली. काय बोलायचं ते एसटीत तीनदा जुळवलं होतं, तोंडातून निम्मंच निघालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी खोटं काय लिवलं न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "पण बेळगावला गेलतो म्हणून चार वर्सं सांगत आलोय मी. तिथल्या बाजारातल्या दुकानांची नावं पाठ केलती, कुणी इचारलं तर असावीत म्हणून. आता येणारा जाणारा इचारतोय, काय अण्णा, बेळगाव कसं हाय."

मग त्यांनी विचारलं, पोरीनं हे तुम्हाला कधी सांगितलं. आणि मला वाटलं, ह्या माणसाला काहीतरी बरं वाटेल असं बोलावं. पोरीनं तुमच्यासाठी किती सोसलं ते सांगावं. मी सांगायला लागले. जिन्यात एकटी उभी होती, खूप रडली, म्हणाली की संध्याकाळची एसटी चुकली तर बरं होईल असं रोज वाटतं, घरात पाऊल टाकायची भीती वाटते.

हे मी साइटवरसुद्धा लिहिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं हे शेवटी, जवळजवळ पुटपुटत सांगितलं होतं, आणि इतक्या वर्षांत मी ते कुणापाशी बोलले नव्हते. आधी खड्डा दाखवायचा, मग माणूस. सवयच ती. तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं की मी काय केलं.

आई कापड मोजत होती, तिचा हात मीटरपट्टीवर तसाच राहिला. वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

"मला भ्याची व्हय ती?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही, आजाराला. त्यांनी मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे. चहा गार होतोय म्हणाले, आणि उठून आत गेले. ताके गुंडाळायचा आवाज काही आला नाही. थोडा वेळ बसून मी निघाले. आईनं जाताना कुंकू लावलं, रीत म्हणून.

वडगावच्या स्टँडवर मी एका बाकावर बसले. कोल्हापूरची एक गाडी आली, गेली. एवढं कळत होतं की हे तरी तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. मी मोबाइल काढून तिला फोन लावला आणि जे बोलले होते ते जसंच्या तसं सांगितलं. बापाला बरं वाटावं म्हणून बोलले, हेही सांगितलं. फोन कट झाला का म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"ऐकतेय मॅडम," ती म्हणाली. "आता माझ्याबद्दल कुणाशी काही बोलू नका. चांगलंसुद्धा नको."