‘ण’ शिकवणारी सासू

जिच्या सासऱ्यांच्या शेतावर आमची इमारत उभी होती, त्याच बाईला मी भर मांडवात ‘ण’ म्हणायला शिकवायला गेले होते. माझ्या मूर्खपणांच्या लांबलचक यादीत हा पहिल्या नंबरावर. बाकीचे निदान चार भिंतींच्या आत तरी झाले.

हे आठवलं नातीमुळे. दर रविवारी विरारच्या आमच्या हॉलमध्ये तिची टोळी जमते आणि इम्प्रॉव्ह करते. म्हणजे संहिता नाही, पाठांतर नाही. समोरचा जे बोलेल ते झेलायचं आणि पुढे न्यायचं. सोफा भिंतीला सरकतो, पंख्याखाली घामाचा नि वेफर्सचा वास कोंडतो. परवा त्यातली एक मुलगी हसवता हसवता खरीच चिडली आणि तिचे विनोद एकदम टोकदार झाले. पोरं जास्तच खिदळली. “बघितलंस आजी? खरी भावना आली की सीन कसा उठतो!” नात म्हणाली. उठतो खरा. त्याच्याखाली कोण बसतं, ते कुणी बघत नाही.

आम्हीही हेच करत होतो, फक्त नाव इंग्रजी नव्हतं. तेव्हा आम्ही राहायचो त्या नालासोपाऱ्यात गणपतीत महिला मंडळाचं ‘ऐन वेळचं नाटुकलं’ असायचं. मी देशावरून आलेली, मॅट्रिकला मराठीत वर्गात पहिली, आणि त्या एका पहिलेपणावर पुढची पंधरा वर्षं नाक वर करून जगलेली. तळमजल्यावरची ती मात्र जवळच्याच गास गावची, मूळ गावकरीण. शेत गेलं आणि मोबदल्यात दोन खोल्या आल्या. वर्षभर आम्ही फ्लॅटवाल्या तिला ‘गाववाली’ म्हणायचो, तिच्याकडून शेवग्याच्या शेंगा घ्यायचो आणि जिन्यात भेटली की घाईत असायचो. फक्त त्या एका संध्याकाळी ती राणी असे. पदर खोचून नुसती उभी राहिली तरी मांडव हसायचा. आदल्या वर्षी माझा नवरा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला होता. माझ्या बोलण्यावर तो लग्नापासून एकदाही हसला नव्हता. हे शल्य मी वर्षभर मोरंब्यासारखं मुरवलं.

त्या वर्षी मी सासू, ती सून. तिने पहिलंच वाक्य टाकलं, “सासूबाई, पानी देऊ?”

घ्यायचं होतं मुकाट्याने पाणी! मी म्हटलं, “आधी ‘ण’ दे, मग पाणी दे.”

मांडव फुटला. नवराही हसला. झालं, मला चढलीच. “म्हण, लोणी.” “लोनी.” “वेणी.” “वेनी.” दर शब्दाला हशा. मी छडी असल्यासारखा हात नाचवत होते. तेवढ्यात ती निरागसपणे म्हणाली, “सासूबाई, तुमचा तो ‘न’ कपाटात ठेवलाय काय? चावी द्या ना, मी पन वापरीन!” याला माझ्यापेक्षा मोठा हशा. माझ्या आत काहीतरी तडकलं, आणि विनोदाच्या आवाजात मी म्हटलं, “शेत विकलंत, तशी ही जीभही विकून टाकायची होतीत!”

हसणं विरलं. पुढच्या रांगेत तिचे म्हातारे सासरे बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अजूनही माझ्या डोळ्यांपुढे ती टोपीच येते. तिने खोचलेला पदर सोडला. आता ही निघून जाणार, मंच आपला, असं मला वाटलं. आणि खरं सांगते, आनंद झाला. पण तिने वाकून माझे पाय धरले, “नको सासूबाई! जीभ इकली तर तुम्हाला शिव्या कोन घालील?” मांडव पुन्हा कोसळला. टाळ्यांत पडदा पडला आणि लोक म्हणाले, काय जोडी जमलीय!

त्यानंतर ती कधी नाटुकल्यात उभी राहिली नाही. पुढची कित्येक वर्षं ते मी एकटीने गाजवलं, म्हणजे मला तसं वाटायचं. नवरा पेपर वाचायचा. आता ती नाही, तोही नाही, आणि ते वाक्य कुणाच्याही लक्षात नाही. क्रूर बोलणाऱ्याचं हेच मोठं भाग्य: जग विसरतं. त्याला स्वतःला तेवढी सोय नाही.

त्या संध्याकाळी पडदा पडल्यावर मी पदराने घाम पुसत, तिच्याकडे न बघता म्हटलं, “गंमत होती हं, मनावर घेऊ नकोस.” ती केसांतली वेणी काढत होती. म्हणाली, “बाय, तुझा राग खरा हाय, ते मला पैल्याच वाक्याला समजलं. मी गप रायले असते तर सगल्यांना समजलं असतं. म्हनून बोलत रायले.”