जवळचं विद्यापीठ

माहितीपत्रक हातात आलं की मॅडम ते शेवटच्या पानापासून उघडत. "पुढं फोटो असतात, भाऊ. नियम मागं असतात," म्हणत आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचायला बसत.

घोडेगावात तहसील कचेरीच्या वाटेवर माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दाखले, सातबारे, परीक्षांचे फॉर्म. तुम्हीही अशा दुकानात कधीतरी रांगेत उभे राहिला असाल, तिथली घाई तुम्हाला ठाऊक आहे. त्या घाईत या बाई तीन वर्षं पीएचडीचं ठिकाण निवडायला येत होत्या. मंचरच्या एका कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर मराठी शिकवत. चाळिशी जवळ आलेली. घरी त्या आणि त्यांची आई, एवढंच. आईंनी जन्मभर अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलेलं. लेकीच्या नावापुढं डॉक्टर लागावं, ही मूळ इच्छा त्यांची.

विषय डिजिटल माध्यमांचा. मला वाटलं, यूट्यूबचं वगैरे काहीतरी असेल. मॅडमनी समजावून सांगितलं. डोंगरातल्या ज्या बायकांना लिहिता येत नाही, त्या मोबाइलवर बोलून निरोप पाठवतात. लेकीला, बहिणीला, कामाला बाहेर गेलेल्या मुलाला. त्यांचं बोलणं असं पहिल्यांदाच साठून राहायला लागलंय. त्या काय सांगतात, काय गाळतात, कुणाशी बोलताना आवाज बदलतो, हे मॅडमना अभ्यासायचं होतं. सुट्टीच्या दिवशी त्या एसटीनं वरच्या गावांत जात आणि एकेकीची परवानगी घेऊन तिचे निरोप आपल्या फोनवर घेत.

विद्यापीठाच्या मोठ्या नावाला त्या भुलत नसत. गाईड कोण, त्यांच्या हाताखालचे किती जण पीएचडी पूर्ण करून बाहेर पडले, हे आधी शोधत. जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावून विचारत. एकदा असंच कुणाशी तरी बराच वेळ बोलून झाल्यावर त्यांनी मला अर्धा भरलेला अर्ज बंद करायला सांगितला. मी कारण विचारलं.

"तो मुलगा गाईडविषयी सगळं चांगलंच बोलला," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक वाक्याआधी थांबत होता."

पहिल्या वर्षी एमए मराठीचं म्हणून माध्यम विभागानं अर्ज परत केला. दुसऱ्या वर्षी हव्या त्या गाईडकडं जागाच शिल्लक नव्हती. तिसऱ्या वर्षी मात्र दोन ठिकाणांहून होकार आले.

एक विद्यापीठ दूर दक्षिणेत. तिथल्या प्राध्यापक बाईंनी मॅडमचा आराखडा वाचून स्वतः लांबलचक पत्र लिहिलं होतं. या बायकांचे आवाज आवाजच राहू द्या, त्यांचे तक्ते करू नका, असं त्यात होतं. पण तिथं पूर्णवेळ जाऊन राहावं लागणार होतं. दुसरं विद्यापीठ जवळचं, नोकरी सांभाळून करता येणारं. तिथल्या गाईडनी निरोप वगैरे नको, छापील प्रश्नावली भरून घ्या, असं सुचवलं होतं. लिहिता न येणाऱ्या बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, हे सांगताना मॅडमना हसू आवरेना.

त्याच महिन्यात आईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली.

मॅडम दोन्ही पत्रं घेऊन दुकानात आल्या. "आई जा म्हणते," त्या म्हणाल्या, "पण म्हणताना तिच्या हातातून पेला सुटतो." मग विचारलं, "भाऊ, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

समोर रांग होती. मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो, "जवळचं बरं, मॅडम. विषयाचं पुढं बघता येईल."

त्यांनी दूरचं पत्र उभ्या उभ्याच पुन्हा एकदा वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. जवळचा प्रवेश मी पाच मिनिटांत पक्का करून दिला.

चार महिन्यांनी आई गेल्या. मॅडमनी दक्षिणेत पत्र लिहिलं, तर त्या प्राध्यापक बाई विद्यापीठ सोडून गेल्या होत्या. जवळच्या ठिकाणी समितीपुढं मॅडमनी दोनदा आपला विषय मांडला. दुसऱ्या वेळी त्यांना विचारण्यात आलं, की शेळ्यांच्या आणि तापाच्या गप्पांमधून निष्पन्न काय होणार. त्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर मोबाइलचा परिणाम, असं काहीतरी घ्या.

नोंदणी रद्द करायचा अर्जही मीच भरला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं. "वैयक्तिक लिहा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक काम काढलं. निरोप अभ्यासासाठी म्हणून मागून घेतले होते; अभ्यास होणार नसेल तर ते ठेवायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवतो म्हणालो, त्यांनी मानलं नाही. गावोगाव जाऊन, प्रत्येकीला सांगून, तिच्यासमोर त्या तिचे निरोप पुसत होत्या. त्यानंतर त्या मंचर सोडून गेल्या. कुठं, ते कुणालाच सांगितलं नाही. त्यांचा नंबर आता लागत नाही. मी अजून अर्ज भरतो. पीएचडीचं कुणी विचारायला आलं की मी मत देत नाही.

त्या निरोप पुसत फिरत होत्या तेव्हा शेवटच्या गावाची एसटी रस्ता खचल्यानं बंद होती, म्हणून एका रविवारी मी त्यांना मोटरसायकलवर नेलं होतं. तिथल्या म्हातारबाई अंगणात वाळवलेला हिरडा निवडत बसल्या होत्या. मॅडमनी सगळं सांगितलं. म्हातारबाईंनी ऐकून घेतलं.

"पुसायच्या आधी एकदा लाव की," त्या म्हणाल्या.

मॅडमनी लावला. लेकीला धाडलेला निरोप होता. ताप उतरला का, पोराला एकटं सोडू नको, मी बरी हाये. म्हातारबाई दुसऱ्या कुणाचं ऐकावं तशा ऐकत राहिल्या.

"आन् ह्ये तिकडं तुज्या कालेजात कुणी ऐकलंच न्हाई व्हय?"

"मी ऐकलं, मावशी."

"तू ऐकलंस गं. पर तू यकटीच."

कुठं दाबायचं ते दाखवून मॅडमनी फोन पुढं धरला. हिरड्यानं काळं पडलेलं बोट म्हातारबाईंनी टेकवलं. फोननं ते ओळखलं नाही. त्यांनी बोट लुगड्याला पुसलं आणि पुन्हा दाबलं.