कासवाला कुणी हात लावला नाही

माझ्या कासवाला प्रतिस्पर्धी टार्गेट करू शकत नाही, असं पत्त्यावर स्पष्ट छापलेलं होतं. तरीही समोर बसलेल्या माझ्या दादाने एक पत्ता खाली ठेवला आणि माझं कासव गेलं.

मी ओरडलेच. "दादा, असं चालत नाही!"

"मी खंय हात लायला ताका?" दादा शांतपणे म्हणाला. "तूच काढून दी."

हरमलच्या एका कॅफेत रविवारी दुपारी आम्ही हा पत्त्यांचा खेळ खेळतो. दादा तिथेच शेजारी भाड्याच्या स्कूटर सांभाळतो. कॅफेत पर्यटक खेळायचे, ते बघत बघत तो शिकला आणि मग त्याने मला शिकवलं. मी डिचोलीला शाळेत शिकवते. आमच्या सर्वणच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्या दिवशी आमच्यात जो जिंकेल तो कॅफेच्या संघातून बंगळूरच्या स्पर्धेला जाणार होता. दोन जागा ठरल्या होत्या, तिसरी उरली होती. मी शाळेत रजेचं बोलूनही ठेवलं होतं.

खेळात आपण जादूगार असतो. पत्त्यांतून प्राणी उभे करायचे आणि एकमेकांच्या प्राण्यांवर मंत्र सोडायचे. मंत्र कुणावर सोडतोय ते पत्ता टाकतानाच बोलून दाखवायचं, त्या प्राण्यावर बोट ठेवायचं. हेच टार्गेट करणं. मध्येच तो प्राणी टेबलावरून नाहीसा झाला तर मंत्र फुकट जातो, दुसऱ्या कुणावर वळवता येत नाही.

काही प्राण्यांना मात्र टार्गेटच करता येत नाही. हा नियम दादाने सांगितला तेव्हा मला तो लगेच कळला, कारण आमच्याकडे दिश्ट काढतात. लहानपणी कुणी "पोर कशी गुटगुटीत आहे" म्हटलं की आई मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. नजर कुणाची तरी असते आणि ती कुणावर तरी लागते. ती अडवली की पोर सुरक्षित. माझं दगडी पाठीचं कासव मला तसंच वाटायचं. त्याला काळी तीट लावलेली आहे, आता काय व्हायचंय! म्हणून मी सगळी ताकद त्या एकट्यावर लावायचे. हातात दोन चिमुकल्या पाखरांचे पत्ते होते, ते खाली उतरवलेसुद्धा नाहीत. त्यांचा उपयोग तरी काय, असं वाटलं.

मी कॅफेच्या मालकिणीला हाक मारली. ती पेडण्याची, वयाने मोठी, आमच्यातली पंच. तिने चष्मा लावून दादाचा पत्ता वाचला आणि माझ्यापुढे धरला.

"बाय, हांगा टार्गेट शब्द खंय आसा, दाखय माका."

नव्हता. पत्त्यावर एवढंच होतं की प्रत्येक खेळाडूने आपला एक प्राणी बळी द्यावा. कोणता, ते ज्याने त्याने ठरवावं. मंत्र कुणावरच रोखलेला नव्हता. त्यामुळे कासवाचं संरक्षण अडवणार तरी काय?

"म्हणजे दादालाही द्यावा लागणार ना?"

"दिता मरे," म्हणत दादाने आपला एक उंदीर उचलून बाजूला ठेवला. त्याच्याकडे अजून तीन प्राणी उभे होते. माझ्याकडे टेबलावर निवडायला कासवाशिवाय काहीच नव्हतं, पाखरं हातातच राहिली होती.

मी कासव उचललं. माझ्याच हाताने. आणि मला बाबांचा खनिज वाहायचा ट्रक आठवला. डिचोलीच्या खाणी बंद झाल्या तेव्हाही बाबांच्या ट्रकवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ट्रकच्या पुढे लिंबू-मिरची लटकत होती ती लटकतच राहिली. हुकूम सगळ्यांना सारखा होता, आणि घरातलं काय सोडायचं ते ज्याने त्याने ठरवायचं होतं. आमच्या घरातून दादाचं कॉलेज गेलं. त्याला कुणी सोड म्हटलं नव्हतं. एके दिवशी तो गेला नाही, एवढंच. माझी शाळा चालू राहिली, पुढे कॉलेजही झालं. त्याबद्दल मी दादाचे उपकार कायम मानत आले. पण त्या घरात कुणी बोट न ठेवताच एक बळी गेला होता, ते मला त्या टेबलाशी पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या दोन पाळ्यांत दादाच्या प्राण्यांनी मला संपवलं. मी पत्ते गोळा करत विचारलं, "हा पत्ता विकत कधी घेतलास?"

"पावसाच्या आदीं."

"पावसाच्या आधी?" तेव्हा नाताळ तोंडावर आला होता. "मग इतके दिवस तुझ्या हातात आलाच नाही?"

"येतालो मगे."

"आणि टाकला नाहीस?"

तो हसला. "तू जिकली म्हणजे सर्वण पावसर स्कूटरवर फाटल्यान बडबडता. बरें दिसता आयकूंक."

जिंकले की सर्वणला पोचेपर्यंत मी स्कूटरवर त्याच्या मागे बसून बडबडायचे, ते त्याला ऐकायला बरं वाटायचं. इतक्या रविवारी मी जिंकले होते. घरी आईला डाव रंगवून सांगितले होते, दादाच्या चुका दाखवल्या होत्या, एकदा तर "जरा डोकं चालव रे" असंही म्हटलं होतं. आणि हा माणूस माझं कासव मारणारा पत्ता हातात धरून मान डोलावत बसला होता.

"मग आज का टाकलास?"

त्याने पत्ते पिसले, परत पिसले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माकाय वचूंक जाय गो, बंगळूराक."

त्यालाही जायचं होतं. मला काहीतरी हवं आहे, असं दादा म्हणाल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मालकीण फोन काढून उभी होती. "तिसरें नांव कोणाचें घालूं?" तिने विचारलं. दादा जिंकला होता, तरी तो माझ्याकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हणाले. "जिंकलास तू."

मग तो खुर्चीवरून उठला आणि त्याने आपलं नाव सांगितलं. बाबांच्या नावासकट, आडनावासकट, वर्गात हजेरीला उभं राहून सांगतात तसं पूर्ण.