वाकडं नाक

नाना पट्टीशिवाय सरळ रेघ काढायचे. देवपूरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, तरी कुणाची रांगोळी वाकडी दिसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. मी त्यांची शेजारीण. माझ्या अंगणावरून ते नाक मुरडूनच जात.

घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, नारळाच्या रूपात बसायची तेव्हा त्या नारळाला कणकेचं नाक लावायच्या अक्का, त्यांच्या पत्नी. ते डावीकडे कलायचं. नाना हसायचे, आणि पुढल्या वर्षी अक्का तस्संच लावायच्या. हा नारळ वर्षभर देव्हाऱ्यात राहायचा. नवी कानबाई बसली की जुनी पांझरा नदीत जायची.

मुलगा नोकरीसाठी आधी जर्मनीत, मग चीनमध्ये. नाना दोन्हीकडे राहून आले आणि त्यांना जन्माचा विषय मिळाला. युरोपात पुतळ्याचं नाक तुटलं तर तुटकंच जपतात. चीनमध्ये देऊळ पडलं की तस्संच नवं बांधतात आणि खुशाल हजार वर्षांचं म्हणतात. नाना पक्के युरोपवाले. "नवं ते नवंच," म्हणायचे, "जुना हात त्यात कुठून येणार?"

अक्का हिवाळ्यात गेल्या. श्रावण आला, पण नानांनी नवी कानबाई बसवली नाही. अक्कांच्या हातची शेवटची त्यांनी काचेच्या पेटीत ठेवली. कानबाई नाही म्हणून तिच्या प्रसादाचे रोट नाहीत, रोट नाहीत म्हणून ते खायला जमणारे भाऊबंद नाहीत. ज्या घरात पंगतीला जागा पुरत नसे, तिथे नाना एकटेच खिचडी खात. मला फार वाईट वाटायचं, पण बोलायची छाती होत नव्हती.

पुढच्या श्रावणापर्यंत कणकेला कीड लागली. नाक भुगा होऊन पेटीच्या तळाशी पडलं. फोटो आहे ना, असं मुलगा फोनवर म्हणाला. नानांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. समोर नवा नारळ होता, हात कणकेने भरलेले. आधी नाक सरळच आलं. त्यांनी ते मोडलं, पुन्हा लावलं, डावीकडे कलवलं आणि घरच्या अहिराणीत विचारलं, "सांग माय, हाई नाक अक्कानं शे का नई?"

मला रडू आवरेना. त्या वर्षी रोट झाले, आणि जुना नारळ नानांनी स्वतः पांझरेत सोडला.

आता नानाही नाहीत. घराला कुलूप आहे. परवा आमची कानबाई सजवताना सून म्हणाली, "आई, नाक कललंय, सरळ करू?"

"राहू दे," मी म्हटलं. "ते अक्कांचं आहे."